सुट्टीतल्या साहसकथा आणि सुशीलाचा दाखला

विषय: कुमारांसाठीच्या साहसकथांबद्दल एका वाचकाचे मत. संदर्भ: वाचकाच्या वडिलांचा अर्ज.

मंडळी, नामांतराच्या दंगलीनंतरची गोष्ट. ताडकळसकडच्या खेड्यात घर जळालेलं एक बौद्ध कुटुंब परभणीत मुलीच्या मामाकडे आलं. नववीतल्या सुशीलाला इथली शाळा जुन्या शाळेच्या दाखल्याशिवाय घेईना. तिथले हेडमास्तर म्हणत, समक्ष येऊन न्या. बापाला गावात पाऊल टाकायची सोय नव्हती. दाखला परस्पर मागवून द्यावा, असा अर्ज त्याने आमच्या शिक्षण कार्यालयात केला.

बाप साहेबांची वाट बघत बसे, सोबत सुशीला. शाळांना वाटायच्या कादंबऱ्यांचे गठ्ठे माझ्या टेबलाखाली होते. आम्ही ते वाटत नसू, जपत असू. त्यातली पुस्तकं मी पोरीला वाचायला दिली. तिने सगळा गठ्ठा संपवला.

"कशा वाटल्या?" मी विचारलं.

"लय खोट्या हायत, काका. समदी पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जातेत अन् चोर धरतेत."

"मग? तूही मामाकडेच राहतेस की."

"व्हय. पण त्यायची सुट्टी संपती. शेवटच्या पानावर शाळा उघडती, अन् त्यायला कुणी दाखला मागत न्हाई."

बापाने दटावलं, "गप गं! साहेबाच्या पुस्तकाला नावं ठेवू नगं. अर्ज अडकंल."

"ती काळजी सोडा," मी म्हणालो, "तो आधीच अडकलाय."

मी निवृत्त झालो, तोवर पुस्तकं शाळांना वाटून झाली होती. अर्ज प्रलंबित होता.