पांढरी पिजो चालू स्थितीत असल्याबाबत

जबाब, दि. १४/०५/२०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे

मी, रंगूबाई भैरू शेलार, वय ५९ वर्षे, धंदा मसाला मार्केटमध्ये मिरची निवडणे, राहणार श्रमसाफल्य सोसायटी, तळमजला, सानपाडा, नवी मुंबई, मूळ गाव वाघजाईवाडी, ता. पाटण, जि. सातारा. महापे येथील भंगार यार्डाचे मॅनेजर शिवा यांनी मी यार्डातून गाडी चोरून नेली अशी तक्रार दिली आहे. त्याबाबत विचारल्यावरून मी कोणाच्या दबावाखाली न येता सांगते की,

गाडी मीच नेली. ते नाकारायचा प्रश्नच नाही. पण गाडी माझी आहे, आणि स्वतःची गाडी माणूस चोरत नाही, घरी नेतो. जबाब लिहून घेणाऱ्या महिला हवालदार संघमित्रा मॅडम म्हणाल्या, जबाबात असली वाक्यं येत नाहीत, मुद्द्याचं सांगा. मी म्हटलं, मुद्दा हाच आहे, लिहा.

गाडी पिजो ३०९, डिझेल, रंग पांढरा, १९९६ सालची. माझे पती कै. भैरू शेलार कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार होते. ज्या व्यापाऱ्याचा माल ते उतरवायचे त्याच्याकडून त्यांनी ही गाडी २००२ साली घेतली. ते गेल्यावर ती माझ्या नावावर झाली. आरसी बुक, विमा, पीयूसी सोबत जोडले आहे. पासिंग पुढच्या वर्षीपर्यंत आहे. ग्रीन टॅक्स भरलेला आहे. जुनी आहे, बेकायदा नाही.

ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. रस्त्यावर दुसरी दिसत नाही. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, मावशी, अजून चालते? मी म्हणते, मग काय ढकलत आणली? पुण्याचे एक गृहस्थ विकत मागायला दोनदा घरी आले, दोन्ही वेळा चहा पिऊन गेले. आमच्या गावात म्हणतात की शेलारांची गाडी डिझेलच्या वासावर चालते. नऊ माणसं आणि तांदळाची दोन पोती घेऊन ती खंबाटकीचा घाट चढलेली आहे. पाटण तालुक्यात निदान चौदा नवरदेव तिच्यातून मांडवात गेलेत, त्यातल्या एकाचाही घटस्फोट झालेला नाही. हे मॅडम लिहीत नव्हत्या, मी लिहायला लावलं.

एप्रिल २०२१ मध्ये पतींना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली नाही. गाडी मी चालवली. येताना एकटी चालवत आले. त्याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

यंदा २८ मार्चला माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, म्हणून मी एसटीने गावी गेले. यात्राही होती. जाण्यापूर्वी गाडी जॅक लावून विटांवर चढवली, वर कापड घातलं. गाडी जास्त दिवस उभी राहणार असली की टायर एका जागी बसतात, म्हणून आमचे मालक हेच करायचे. गाडी विटांवर ठेवणं म्हणजे तिची काळजी घेणं, टाकून देणं नव्हे. हे ज्यांना कळत नाही त्यांनी निदान विचारावं.

काल दि. १३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी गावी असताना मेकॅनिक कासिमभाई यांचा फोन आला. ते मूळचे उरणकडचे, तुर्भे येथे त्यांचं गॅरेज आहे, वीस वर्षं गाडी त्यांच्याच हाताखाली आहे. ते म्हणाले, "वहिनी, गाडी कुठं हाय तुमची?" मी म्हटलं, कुठं असणार, सोसायटीत. ते म्हणाले, "नाय. महाप्याला हाय. मला तिचंच इंजिन विकायला फोन आलाय."

त्याचं असं झालं की शिवा यांनी गाडी भंगारात घेतली आणि इंजिन वेगळं विकायला काढलं. पण हे इंजिन घेणार कोण? विचारत विचारत ते कासिमभाईंपर्यंत पोचले, कारण नव्या मुंबईत या इंजिनला हात लावणारे तेवढेच एक राहिलेत. शिवा यांनी फोनवर खूण सांगितली की इंजिन बंद करायला हाताने ओढायची तार आहे. ती तार कासिमभाईंनीच २००९ साली बसवलेली आहे. बंद करायचा मूळचा इलेक्ट्रिकचा पार्ट मिळेना म्हणून बसवली. ती ओढल्याशिवाय गाडी बंद होत नाही, चावी काढली तरी चालूच राहते. कासिमभाईंनी शिवा यांना सांगितलं, उद्यापर्यंत स्पॅनर लावू नका, मी बघायला येतो.

आज पहाटेच्या एसटीने निघून मी साडेअकराला सोसायटीत पोचले. माझ्या पार्किंगच्या जागी खड्डा खणलेला होता आणि विटा भिंतीकडेला नीट रचून ठेवल्या होत्या. खड्डा इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंग पॉइंटचा आहे. सोसायटीत इलेक्ट्रिक गाडी एकच आहे आणि ती सेक्रेटरी विश्वजित यांची आहे. ते दोन वर्षांपूर्वी राहायला आले. कानामागून आले आणि तिखट झाले.

विश्वजित मला म्हणाले, "मावशी, बेवारस गाड्या काढायचा ठराव झालाय. नोटीस लावली होती पंधरा दिवस." कुठं लावली, मी विचारलं. "गाडीवर." मी म्हटलं, माझं दार गाडीपासून अकरा पावलांवर आहे, दारावर लावायला काय झालं? ते म्हणाले, "तुम्ही नव्हता, आणि तुमचा नंबर माझ्याकडे नाही." मी तिथंच त्यांना फोन लावला. त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यावर नाव आलं, पिजो मावशी. ते मी पाहिलं आणि वॉचमन देवजी यांनीही पाहिलं. देवजी यांचा जबाब घ्यावा. मग विश्वजित म्हणाले, "टेन्शन कशाला घेता, खटारा होती, किती धूर सोडायची." मी त्यांना जे बोलले ते मॅडमना सांगितलं आहे. ते इथं लिहू नये असं आमचं दोघींचं ठरलं.

कासिमभाईंना बोलावून घेतलं आणि तिथून त्यांच्यासोबत रिक्षाने महापे येथील यार्डात गेले. वेळ दुपारी एकची. गाडी चारी टायरवर उभी होती. बॅटरी काढून घेतलेली, आरसे काढलेले, मागच्या सीटवर कोणाचा तरी डबा. बॉनेटवर खडूने फुली मारली होती. मी ती पदराने पुसली.

शिवा यांना मी कागद दाखवले. ते म्हणाले, "मावशी, माझ्याकडे सोसायटीची पावती आहे, मी मालक ओळखत नाही, पावती ओळखतो." मी म्हटलं, सेक्रेटरीने उद्या तुम्हाला सोसायटीची पाण्याची टाकी विकली तर तीपण घ्याल का? ते म्हणाले, बंद गाडी आहे, नेणार कशी, क्रेनचं भाडं देणार का? असं म्हणून ते फोनवर बोलायला ऑफिसात गेले.

मी गाडीत बसले. चावी माझ्या कमरेला होती. यार्डातली दोन मुलं उभी होती, त्यांना मी सांगितलं, ढकला. त्यांनी ढकलली. त्यांना वाटलं गाडी कापायच्या जागी न्यायची आहे. त्यांची काही चूक नाही, त्यांना ढकला म्हटलं की ढकलायची सवय आहे, त्यांच्यावर कारवाई करू नये. यार्डाचं गेट उघडं होतं आणि पुढे उतार आहे. बॅटरी नसल्याने डिझेल पेटवायला लागणारा इंजिनचा हीटर गरम होत नाही, त्यामुळे पहिल्या दोन झटक्यांना नुसता धूर आला. तिसऱ्याला सेकंड गियरमध्ये क्लच सोडला आणि गाडी चालू झाली. गेटजवळची एक प्लास्टिकची खुर्ची मोडली. ती मी भरून देईन. त्यापलीकडे यार्डाचं काही नुकसान झालेलं नाही.

मागून शिवा ओरडत आले. मी पळून गेले असं त्यांनी तक्रारीत म्हटलं आहे. मी पळाले नाही. मी कासिमभाईंना बसवून घेतलं आणि सरळ या पोलीस ठाण्यात आले. तक्रार द्यायला शिवा मागून पोचले, आणि त्यांच्यासोबत क्रेन होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

ठाण्याच्या आवारात गाडी लावून मी आत आले. ड्युटीवरील साहेब म्हणाले, निकाल लागेपर्यंत गाडी मुद्देमाल म्हणून इथं राहील, बंद करून चावी द्या. मी नकार दिला. कारण शिवा तक्रारीत म्हणतात की ती बंद पडलेली भंगार गाडी आहे. बॅटरी त्यांच्याकडे आहे, आणि ठाण्याच्या आवारात उतार नाही. आता मी तार ओढली तर गाडी इथं चालू होणार नाही, आणि पंचनाम्यात बंद असं लिहिलं जाईल. बंद लिहिलं की भंगार, आणि भंगार म्हटलं की ती क्रेन. साहेबांनी मला सरकारी कामात अडथळा आणू नका असं समजावलं. मी म्हटलं, साहेब, आधी बाहेर येऊन बघा, मग लिहा, मग बंद करते.

साहेब बरेच म्हणाले, एका जुन्या गाडीसाठी एवढं कशाला, आता असल्या गाड्या राहिल्यात कुठे. राहिल्या नाहीत म्हणूनच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. आज माझी गाडी विटांवर दिसली म्हणून बेवारस ठरली. मी एकटी राहते, दीड महिना दार बंद होतं. उद्या माझं घर बेवारस ठरवायलाही एक ठरावच लागतो.

सोसायटीचे सेक्रेटरी विश्वजित, पावती देणारे जे कोणी असतील ते, आणि यार्डाचे शिवा यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. माझी बॅटरी, आरसे आणि पार्किंगची जागा मला परत मिळावी. तडजोड करायची नाही.

वरील जबाब संघमित्रा मॅडमनी मला वाचून दाखवला. बाहेर गाडी चालू असल्याने आवाज ऐकू येईना, तेव्हा गाडी बंद करण्यास पुन्हा सांगण्यात आले. मी बंद केली नाही. मॅडमनी खिडकी लावून जबाब मोठ्याने वाचला. मग साहेब स्वतः पंचांना घेऊन बाहेर गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि पंचनाम्यात 'इंजिन चालू' असे लिहिले. ते अक्षर मी चष्मा लावून वाचले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करून मी गाडी बंद करायला बाहेर जात आहे.

सही / रंगूबाई भैरू शेलार