बायलरचं खालचं तोंड

काय सांगू तुम्हाला, आमी मूळचं गिरनीतलं न्हवंच. माढ्याच्या अंगाचं धनगर आमी, बापाकडं मेंढरं व्हती, आन् सांज झाली की बाप जाळीचं कुंपन लावायचा, त्याच्या तोंडाशी बसायचा आन् एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून आत सोडायचा. सकाळच्याला तसाच हात ठेवून बाहेर. एक कमी भरलं तर भाकरीला शिवायचा न्हाय, उठायचा आन् माळावर हाका मारत हिंडायचा. आई म्हनायची, अवो, लांडग्यानं न्हेलं असंल, बसा. तर म्हनायचा, लांडग्यानं न्हेलं तर न्हेलं म्हनून बघून येतो की. असला मानूस.

मग पाऊस गेला, चारा गेला, मेंढरं गेली, आन् आमी सोलापुरात आलो. शुक्रवार पेठेत एक खोली, त्यात आमी, आन् माझी थोरली भन सुबाक्का आन् तिचा नवरा. त्याला मी दाजी म्हनतो. दाजी गिरनीत बदलीवर, म्हंजे सकाळी फाटकावर हुभं ऱ्हायचं, जॉबरनं, त्या मुकादमानं, बोट केलं तर आत, न्हायतर घरी. मी राजय्या मिस्त्रीच्या हाताखाली लागलो, फिटरकामाला. राजय्या तेलगू मानूस, पद्मसाळी, निम्मं तेलगू निम्मं मराठी बोलायचा, मेल्लगा रे बिरू, मेल्लगा, म्हंजे हळू. कुटलाबी नट बघितला की आदी बोटानं चाचपायचा, डोळं मिटून, वैदानं नाडी बघावी तसं. मला म्हनायचा, पाना हातात घ्यायच्या आदी जागा बघ, तुझं कोपर कुटं जानार ते बघ, मग पाना. तो खोकून खोकून मेला. सूत छातीत बसलं व्हतं, समद्यांच्याच बसतं, ते तुमी लिवा, मी काय त्येच सांगत बसत न्हाय.

तर खंडेनवमीची गोष्ट. नवमीला गिरनी बंद. वर्साचं बारा म्हैनं कानात धडधड, आन् त्या दिवशी यकदम काय न्हाय. तुम्हाला कळायचं न्हाय ते. कान दुखतात त्या शांततेनं. चिमनी धूर सोडत न्हाय, पट्टं लोंबकळत्यात, आन् आपलंच पाऊल आपल्या मागनं कुनीतरी टाकल्यावानी वाजतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. हत्यारं समदी धुवून, हळदीकुंकू लावून, झेंडू घालून देवीम्होरं मांडल्याली, आन् समद्यांवरनं एक सुती दोरा गुंडाळलेला. तो दसऱ्याच्या सकाळपतोर तोडायचा न्हाय. हत्यारं निजल्यात म्हनत्यात.

बायकापोरं पूजा बघाया आत येत्यात त्या दिवशी. सुबाक्का आली, हातात पुरनपोळीचं ताट. म्हनली, बिरू, तुझं दाजी कुटं हाय? काल सांजच्याला बायलर धुवायला म्हनून आलं ते अजून घरी न्हाय. मी जॉबरला इचारलं. तो पान चघळत म्हनला, असंल शिंदीच्या दुकानात पडलेला. तर आक्का उसळलीच, म्हनली, माज्या नवऱ्याला देवीचं नऊ दिस उपास हाय, नुसतं पानी पिऊन हाय तो, शिंदी तू पितूस, तुज्या तोंडाला वास येतोय. लोक हसलं. जॉबर न्हाय हसला.

आता बायलर म्हंजे काय, तर आडवी निजवलेली लोखंडी टाकी, हितनं त्या भिंतीपतोर. आत आगीच्या दोन नळ्या. त्या नळ्यांखाली मानसानं पोटावर सरपटत जायचं आन् छन्नीनं क्षाराची पापडी फोडायची. आत शिरायला म्होरच्या अंगाला खाली एक तोंड, त्यावर लोखंडी झाकन, झाकनाला दोन नट. ते तोंड खड्ड्यात, खड्ड्याची इटांची भिंत इतकी जवळ की बसल्यावर गुडघं हनवटीला लागत्यात. सकाळीच झाकन लावलेलं. जॉबरनं आत तोंड घालून हाळी दिली, कुनी बोललं न्हाय, लावलं झाकन. साहेब आला, नारळ फुटला की पानी सोडायचं, मग जाळ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा वाजाया पायजे, म्हनून घाई.

मी खड्ड्यात उतरलो आन् पत्र्याला कान लावला. गार पत्रा. आदी काय न्हाय. मग आतनं, अगदी कानापाशी, टक्.

मी वर बघून वरडलो, आत मानूस हाय, पानी सोडू नका. जॉबर म्हनला, लोखंड गार व्हताना वाजतं. मी मुठीनं एकदा ठोकलं. आतनं एकदा टक्. दोनदा ठोकलं, दोनदा टक्. लोखंड काय शिकलेलं असतंय व्हय? पन नट उघडायला हत्यार पायजे, आन् हत्यारं निजलेली. कोन हात लावंना. जॉबर म्हनला, देवीम्होरनं उचलतोस? मुडदा पडंल. आक्कानं ताट खाली ठेवलं, सरळ पूजेत गेली आन् दातानं दोरा तोडला. म्हनली, मुडदा पडायचाच तर आतला का म्हनून, देवीला मी सांगते, तू काम कर. आन् तिनं समद्यात मोठा, चकचकीत, साहेबाच्या देशाचा पाना उचलला. मी म्हनलं, आक्का, तो न्हवं.

हितं राजय्या आठवला. कोपर बघ. साधा पाना त्या खड्ड्यात बोटभर फिरतो आन् भिंतीला लागतो, मग काढा, परत बसवा, परत बोटभर. त्यात जॉबरच्या मानसांनी पान्याच्या दांड्यावर पाइप घालून नट असा आवळलेला की कोपरं झिजून गोल झाल्याली, आटं चढून बसल्यालं. साधा पाना घसरतो आन् उरलेली कोपरंबी खातो. हितं राचीट पाना पायजे, कटकट करनारा. त्याचं कडं नटावरनं काढायचं न्हाय, नुसता दांडा म्हागं-म्होरं. पन राचीटबी दोन व्हते. एक नवा, बारीक दातांचा, जरासा हालवला तरी एक दात फुडं जातो, अडचनीच्या जागंला तोच. पन त्याची आतली खिटी नाजूक, रुसलेल्या नटावर जोर दिला की दात मोडून हातात येनार, मग झाकन कुनाच्या बापाला उघडायचं न्हाय. दुसरा राजय्यानं सोता भट्टीत घडवलेला, जाड डोक्याचा, आखूड दांड्याचा, मोठ्या दातांचा. तो मोडत न्हाय, पन त्याच्या एका दाताला जेवढं फिरावं लागतं तेवढी खड्ड्यात जागाच न्हाय. मी दोन्ही मागितलं. नटावर राकेल वतलं, हातोडीनं चौबाजूंनी हलकं ठोकलं, आदी राजय्याचा घातला. त्यानं दातामागं दात फिरवायचा न्हवताच, नुसता गच्च बसलेला नट जागचा हालवायचा व्हता. पाठ भिंतीला, पाय पत्र्याला, आन् वढला. मेल्लगा. झटका न्हाय द्यायचा, नुसतं वढत ऱ्हायचं. कर्र वाजलं. मंग नवा चढवला, बारीक दातांचा. कट. कट. कट.

आन् आतनं, ऐका, माज्या पान्याच्या कटला लागून, टक्. टक्. टक्. मी थांबलो की ते थांबायचं. आक्का वरनं रडत म्हनायची, तेच हायती, माजं मानूस हाय ते, तितंच हाय झाकनापाशी. मलाबी तसंच. माज्या हाताच्या आन् त्याच्या हाताच्या मधी नुसतं लोखंड.

दुसरा नट निघाला, झाकन आत ढकललं, हात घातला, दाजी, हात द्या म्हनलं. हाताला काय लागलं न्हाय. कंदील घिऊन सरपटलो. आत क्षाराचा कुबट वास, आन् दाजी कुटं, तर पार त्या टोकाला, मागच्या भिंतीशी, पालथा, छन्नी छातीखाली, दोन्ही हात अंगाखाली दबलेले. उपाशी पोटी घेरी येऊन पडलेला. त्यानं ठोकलं न्हवतं. ठोकू शकतच न्हवता. धोतराचा पीळ करून वढून काढला, लिंबाखाली निजवला, तोंडात गुळाचं पानी सोडलं, तवा डोळं उघडलं. आक्कानं आदी दोन शिव्या घातल्या, मंग रडली.

आन् तवाच, समद्यांच्या म्होरं, बायलरच्या आतनं, टक्.

 मी जॉबरला म्हनलं, किती मानसं आत सोडली व्हती? तो बोटं बघाया लागला. मला वाटलं मोजतोय. तो नुसताच बोटं बघत व्हता. फाटकावर हुभी असलेली मानसं, दुष्काळी गावाकडची, नाव न गाव, बोट केलं की आत. सुताची बॉबिन मोजलेली, कोळशाची पाटी मोजलेली, साहेबाच्या बागंतलं आंबं मोजलेलं. मानूस न्हाय मोजलेला. ह्या सालीच न्हाय, कुटल्याच साली न्हाय. मंग आत कोन ऱ्हायला आन् कवा ऱ्हायला, हे सांगनार कोन?

मी परत आत गेलो. ह्या टोकापासनं त्या टोकापतोर हात फिरवला. बाहेरचं धुराचं बोळबी उघडून बघितलं. कोन न्हाय. आन् मी आत असताना टक् ऐकू आलं, पन बाहेरनं, झाकनाच्या बाजूनं, कुनी आत यायची परवानगी मागावी तसं. बाहेर आलो तर आक्का म्हनली, हितं कुनी हात लावला न्हाय रं.

मंग साहेबाची मोटार आली, नारळ फुटला, पानी सोडलं.

दाजी परत गिरनीत आला न्हाय, माढ्याला लोकांची मेंढरं राखतो. मी मातर मागून घेतलं, दर नवमीला, आदल्या सांजेपासनं, त्या तोंडाशी मी बसनार. जॉबरला पटलं न्हाय, नोकरी घालवीन म्हनला, मी म्हनलं घालव, पन झाकनाचा नट माज्या हातचा. आता एकेकाचं नाव इचारून, पाठीवर हात ठेवून आत सोडतो, हात ठेवून बाहेर काढतो, परत नाव घेतो, त्यानं हाय म्हनायचं. समदी झाली की तोंड आत घालून इचारतो, आनखी कोन हाय का रं? आन् दरसाल, समदी मानसं माज्या पाठीशी हुभी असताना, आतनं येतं. कवा टक्. कवा लांबनं, बारीक आवाजात, हाय.

मंग मी कंदील घेतो आन् परत आत जातो. साहेब घड्याळ बघू दे, जॉबर बोंबलू दे. लोक म्हनत्यात, बिरू, तुला म्हाईत हाय आत कोन नसतं, मंग कशापायी? मी म्हनतो, नसतं म्हनून बघून येतो की.

बाहेर आलो की आक्कानं धाडलेली पुरनपोळी बायलरच्या तोंडापाशी ठेवतो, नटाला शेंदूर लावतो आन् हातानं बसंल तेवढाच बसवतो, पाइप घालून आवळत न्हाय, कवा कुनाला उघडायची पाळी आली तर उघडावा. आन् उठताना पत्र्यावर हात ठेवून सांगतो, बाबा, तू कोन असशील तो अस, तुजं नाव कुनी लिवलं नसंल, पन भिऊ नगंस. माज्या मोजनीत तू हाईस.