पत्त्यावरून निदान

सन्माननीय अध्यक्ष, आपले अधिष्ठाता महोदय. संस्थेचे सचिव ओमप्रकाशजी, ज्यांच्या कृपेने आज या सभागृहाचा एसी सुरू आहे. आजचे सत्कारमूर्ती, विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. श्रीधर पांढरीपांडे सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि इतकी वर्षं बसू शकलेल्या, सौ. अदितीताई, माझे सहकारी, आणि संत्रा बर्फीच्या आशेने का होईना, पण शेवटपर्यंत थांबलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मी डॉ. मयुरा. सरांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत, पाच मिनिटं’ असं छापलं आहे. काल सरांनी केबिनमध्ये बोलावून बजावलं, “मयुरा, गोड बोल. निरोपाचा दिवस आहे.” तेव्हा गोडापासून सुरुवात करते.

सर वेळेचे पक्के. जेवणाच्या सुट्टीआधी साठ-साठ रिपोर्ट हातावेगळे करायचे. मघाशी आपला विद्यार्थी सौरव याने सांगितलं की सरांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचीही गरज पडत नसे. टाळ्या पडल्या. सौरव, बाळा, तू ते कौतुक म्हणून सांगितलंस. मी तेच तक्रार म्हणून सांगते आहे.

सभागृहात काही पालकही आहेत, म्हणून थोडं सांगू द्या. आमचं शास्त्र काय करतं? माणसाचं शरीर मुकाट्याने राबत असतं. फुप्फुस हवा आत घेतं, यकृत नको ते गाळतं, रक्त सगळीकडे पोचतं. रोग यात नेमका कुठे हात घालतो आणि काय बंद पाडतो, हे आम्ही मांसाच्या एवढ्याशा तुकड्यात शोधायचं. तुकडा काचेवर येतो, सोबत फॉर्म येतो. जगभर लोक काच पाहतात. आमचे सर फॉर्म पाहत. त्यातही पत्ता. बुटीबोरी, मजूर, खोकला? क्षय. वाडी, ट्रक ड्रायव्हर, पोट फुगलं? दारू. सिव्हिल लाइन्स, मग तक्रार कोणतीही असो? “थांबा, पुन्हा नीट तपासून पाहू.” पोस्टमनला एवढी विद्या असती तर आपलं महाविद्यालय बंदच पडलं असतं!

हसताय ना? आम्हीही हसायचो. एकदा रामदासपेठेतल्या एका शेठजींच्या आणि वाडीतल्या एका क्लीनरच्या फॉर्मची चुकून अदलाबदल झाली. रिपोर्ट पत्त्याप्रमाणे बिनचूक आले, माणसांप्रमाणे उलटे. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही तो किस्सा चहासोबत चघळला. एकालाही त्याची लाज वाटली नाही, मलासुद्धा नाही.

आमच्या विभागाची आणखी एक परंपरा आहे. प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या लागतात. वरची सरांची. खालची दुसऱ्या डॉक्टरची, म्हणजे बहुतेक वेळा माझी. दुसऱ्याने काच स्वतः पाहायची आणि मगच सही करायची, असा नियम. आमच्याकडे वर सरांची सही दिसली की खाली डोळे मिटून सही ठोकायची पद्धत पडली. आम्ही तिला शिस्त म्हणायचो.

आता एक आठवण सांगते, निरोपाच्या भाषणात आठवण असावी लागते.

फेब्रुवारीत विक्रम नावाच्या एकतीस वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाचा तुकडा आला. बुटीबोरीला दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात तो मशीनवर आहे. फॉर्मवर पत्ता होता, खोकला होता. सरांनी ‘क्षय’ लिहिलं, सही केली. गोळ्या सुरू झाल्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध लागू पडतं आहे, कामावर जायला हरकत नाही. पोरगा रोज त्याच धुळीत उभा राहिला.

अकरा दिवसांपूर्वी त्याची आई, सिंधूताई, आमच्या खिडकीशी आल्या. हातात रिपोर्ट. “बाई, तीन महिने झाले, पोरगा गोया खाऊन राहिला. आता डोये पिवये पडले. खोकला जसाच्या तसा. मले सांगा, काहून?” मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. त्या म्हणाल्या, “त्यायले इचारलं. ते म्हणते कागदावर क्षय हाय. कागद तं तुमचा हाय ना वं?”

कागद माझाच होता. खालची सही माझी.

त्या दिवशी मी ती काच पहिल्यांदा पाहिली. कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थराथराच्या गाठी, आणि विशेष प्रकाश टाकल्यावर चमचमणारे दगडाचे कण. क्षयाची एकही खूण नाही. ही धुळीची व्याधी. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ओळखेल, फक्त त्याने पाहायला हवं. या आजाराला बरं करणारं औषध नाही. धूळ बंद केली तर उरलेलं फुप्फुस वाचण्याची आशा असते, एवढंच. आणि आम्ही त्याला नको त्या गोळ्या देऊन त्याचं यकृत दुखावलं, वर पुन्हा धुळीत पाठवलं.

कावीळ उतरेपर्यंत गोळ्या थांबवल्या आहेत. येत्या सोमवारी त्या पुन्हा सुरू व्हायच्या आहेत, आणि सोमवारीच त्याला कामावर हजर व्हायचं आहे. रिपोर्ट बदलल्याशिवाय यातलं काहीच थांबणार नाही. आणि विभागप्रमुखाच्या सहीशिवाय आमच्याकडे रिपोर्ट बदलत नाही.

मी सरांकडे चार वेळा गेले. काच घेऊन गेले. सर, तुम्ही ती पाहिलीही नाहीत. म्हणालात, “तेहतीस वर्षांत माझा एकही रिपोर्ट खोडला गेला नाही. शेवटच्या आठवड्यात एका भुकटीवाल्यासाठी खोडू?” आणि पुढे, “त्या लोकांना काही ना काही होतच असतं.”

अध्यक्षमहोदय, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं झाली, मान्य आहे. आणखी दोन लागतील.

ते तेहतीस वर्षांचं वाक्य आज मानपत्रातही छापलं आहे, चंदेरी अक्षरांत. एकही दुरुस्ती नाही म्हणे! ज्याने कधी मागे वळून पाहिलंच नाही त्याला चूक सापडणार कशी? मला तुमची कीव येत नाही, सर. मला तुमचा तिटकारा येतो, आणि तुमच्या सावलीत सुखाने सह्या करत बसलेल्या त्या मयुराचा त्याहून जास्त.

आज दुपारी एक वाजता मी सुधारित रिपोर्ट काढला. वर माझी सही आहे. खाली आमच्या विभागातल्या ज्युनिअर डॉक्टर रितिकाची. तिला मी फॉर्म दाखवला नाही, काही सांगितलं नाही, नुसती काच दिली. पोरीने चाळीस मिनिटं घेतली आणि बरोबर तेच लिहिलं. प्रमुखांची सही त्यावर नाही, म्हणजे नियम मोडला आहे. सचिवसाहेब, नोटीस माझ्या एकटीच्या नावाने काढा. रितिकाने मी सांगितलं ते केलं.

एक प्रत डॉक्टरांना पोचली. दुसरी सिंधूताईंच्या हातात दिली. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे बरा नाही होणार?” मी नाही म्हटलं. “पण मशिनीवर नाही जायचं?” नाही जायचं. त्यांनी कागदाची घडी केली. एवढंच म्हणाल्या, “हे तवाच सांगतलं असतं तं मी त्याले फेब्रुवारीतच घरी बसवला असता वं बाई.”

याचं उत्तर या सभागृहात कोणाकडे असेल तर मला नंतर भेटून सांगा.

असो. मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांची आभारी आहे. पुढच्या खेपेला ते देणार नाहीत, याचीही कल्पना आहे. अदितीताई, तुमचा आजचा दिवस मी कडू केला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. बोलण्याच्या भरात अधिकउणा शब्द गेला असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावा. लिहिण्यात जे चुकलं, त्याची माफी मात्र इथे मागून भागणार नाही. ती मागायला मी उद्या सकाळी दहा वाजता बुटीबोरीला, सिंधूताईंच्या खोलीवर जाते आहे.

सर, गाडीत एक जागा रिकामी आहे.

नमस्कार.