सीटखालचा कॉक

(जानेवारीतली दुपार, कापसाला भाव नसलेल्या वर्षांतली. यवतमाळच्या धावपट्टीवरच्या शेडमध्ये इंद्रजित उभा आहे, एका हातात रेडिओचा माइक, दुसऱ्या हातात मोबाइल. जया हवेत आहे, शेजारी-शेजारी दोन सीट असलेल्या जुन्या विमानात. पुंडलिकराव दारव्ह्याला, फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानात.)

जया: नाही सर, इंजिन मस्त चालू आहे. मी तारेचं बोलून राह्यली. नाकावरची तार खाली बसून राह्यली.

इंद्रजित: किती खाली?

जया: निघाली तेव्हा वीतभर वर होती. नेरवर आली, आईच्या घरावरून एक चक्कर मारली, आता पाहते तर अर्धी.

इंद्रजित: असं होऊच शकत नाही. पुढच्या टाकीत पेट्रोल कमी झालं तरच तार खाली बसते, आणि पुढची टाकी पंखातल्या टाकीतून आपोआप भरत राहते. सीटखालचा कॉक उघडा आहे ना?

जया: तुम्हीच उघडून दिला ना सकाळी. दांडा नळीच्या रेषेत आहे.

इंद्रजित: रेषेत म्हणजे उघडा. सगळ्या जगात रेषेत म्हणजे उघडा.

जया: मग जगाला सांगा, पेट्रोल येऊन नाही राह्यलं.

इंद्रजित: जमिनीवर तर इंजिन तासभर चालवून पाहिलं होतं आपण.

जया: जमिनीवर पुढची टाकी भरलेली होती सर. तेच संपवून राह्यलो आपण. दांडा फिरवून पाहू का?

इंद्रजित: फिरव. नाही, थांब. हात लावू नको.

जया: काहून?

इंद्रजित: त्या कॉकमधून एक तिसरी नळी निघते. बारीक आहे. ती खाली पोटातून बाहेर येते.

जया: कशाची आहे ती?

इंद्रजित: मी हवेची समजलो होतो.

जया: समजलो होतो?

इंद्रजित: कागदावर नाही ती. पुस्तकात सीटखाली कॉकच नाही, तो पुढे आहे. हा पुंडलिकरावांनी बसवलाय, फवारणीच्या काळात. नोंद एका ओळीची नाही. ती नळी जर टाकी रिकामी करायची निथळ असेल आणि तू दांडा त्या बाजूला फिरवलास, तर पंखातलं सगळं पेट्रोल पोटाखाली सांडेल. आणि सायलेन्सर तिथंच आहे.

जया: म्हणजे एकीकडे फिरवला तर इंजिन चालते, दुसरीकडे फिरवला तर मी जळते, अन् नाहीच फिरवला तर इंजिन बंद पडते.

इंद्रजित: हो.

जया: पुंडलिक मामांना फोन लावा.

इंद्रजित: माझा फोन ते घेणार नाहीत, जया.

जया: घेतील. तुम्ही लावा तर. मी नाक यवतमाळकडे वळवलं आहे, पण वारा समोरून आहे. लवकर पोहोचत नाही मी.

इंद्रजित: उंची सोडू नको. लावतो.

पुंडलिकराव: हालो, कोन? जोरात बोला बावा, इथं समोर कापसाच्या गाड्याइची लाइन लागली हाय, सारे हॉर्न वाजवून राह्यले.

इंद्रजित: पुंडलिकराव, मी इंद्रजित. धावपट्टीवरून.

पुंडलिकराव: असं. इंजिनिअर सायेब. मी गेलो तवा तुमी म्हनले होते, सुंठीवाचून खोकला गेला. वापस आला काय खोकला?

इंद्रजित: भांडण नंतर करू. जया हवेत आहे.

पुंडलिकराव: कशात?

इंद्रजित: तुमच्या बगळीत.

पुंडलिकराव: बगळी उडाली? मले वाटलं भंगारात गेली.

इंद्रजित: उद्या तपासणी आहे. पास झाली तर उडेल, नाही तर भंगारातच जाणार. म्हणून आज जया तिला फिरवून आणत होती. पुढची टाकी भरत नाहीये. तुमचा सीटखालचा कॉक...

पुंडलिकराव: दांडा कसा हाय?

इंद्रजित: नळीच्या रेषेत.

पुंडलिकराव: मंग तं बंद हाय.

इंद्रजित: रेषेत बंद?

पुंडलिकराव: रेषेत बंद. सिधा बसवला तं सीटच्या पट्टीले अडके, म्हून म्या दांडा काढून आडवा बसवला. अन् लाल चिंधी बांधली त्याले. उलटा हाय म्हून. चिंधी नाई दिसली काय तुमाले?

इंद्रजित: दिसली.

पुंडलिकराव: मंग?

इंद्रजित: मी काढली ती.

पुंडलिकराव: कायले?

इंद्रजित: विमानात चिंधी कशाला? तपासणीवाले काय म्हणतील? पुस्तकात चिंधी कुठेच नव्हती.

पुंडलिकराव: मले एक फोन करून इचारलं असतं तं काय बिघडलं असतं?

इंद्रजित: तुम्ही एक ओळ लिहून ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

पुंडलिकराव: लिवली असती तं मले तिथं हात लावू देला असता काय कोनी? लायसन कुठं हाय माह्याजोळ. असली कॉक गळे, नवा भेटे नाई, अन् बोंडअळी काय मंजुरीसाठी थांबते? लोकं इकडे कापसाच्या पराटीजोळ उभे राहून आभाळाकडे पाहत. म्या बसवला अन् उडवली.

जया: सर, बोलून राह्यले का मामा? तार आता चारच बोटं वर आहे.

इंद्रजित: बोलतोय. कॉक बंद आहे जया, रेषेत बंद. दांडा फिरवायचाच आहे. कुठल्या बाजूला ते विचारतो.

जया: विचारा. तोवर मी उतरायला जागा पाहून राह्यली. शेतात सगळी पराटी उभी. रोडवर गाड्याच गाड्या, कापूस भरलेल्या, पार नेरपासून. मेली तर कापसावरच पडीन, तेवढं बरं.

इंद्रजित: असलं बोलू नको. पुंडलिकराव, एक बाजू टाकीची आणि एक निथळ. बरोबर?

पुंडलिकराव: बरोबर. पावसाळ्यात टाकीत पानी उतरे, ते काढाले निथळ.

इंद्रजित: टाकीची बाजू कुठली?

पुंडलिकराव: डावी.

इंद्रजित: जया, दांडा डावीकडे...

पुंडलिकराव: थांबा. थांबा सायेब. नका सांगू.

इंद्रजित: जया, थांब. फिरवलास?

जया: हात दांड्यावर आहे. फिरवला नाही.

इंद्रजित: हात काढून घे. पुंडलिकराव, काय झालं?

पुंडलिकराव: डावी माही.

इंद्रजित: तुमची म्हणजे?

पुंडलिकराव: मी तं उताना पडून काम करो तिथं. सीटखाली घुसून. डोकं इंजिनाकडे, तोंड वर. माहा डावा हात तो तिचा उजवा. अन् कधी जागा नाई भेटली तं पाय पुढं अन् डोकं मांगं करून, कुशीवर. तवा माहा डावा तो... काय मालूम. मले आता नाई समजून राह्यलं.

इंद्रजित: पायलटच्या सीटवर बसल्यावर कुठली बाजू, तेवढं सांगा.

पुंडलिकराव: पायलटच्या सीटवर मी कधी बसलोच नाई, सायेब. मले कोन बसवते? मी सदा खालीच.

इंद्रजित: मग तेव्हाच्या पायलटांना काय सांगत होता तुम्ही?

पुंडलिकराव: सांगो नाई. त्याइचा हात धरो अन् फिरवून दाखवो. तोंडानं सांगाची पाळीच नाई आली कधी.

इंद्रजित: त्यांच्यापैकी कोणाचा नंबर?

पुंडलिकराव: एक वारला. बाकीचे कुठं गेले कोनाले मालूम. फवारणी बंद झाली अन् सारे पांगले.

जया: सर, तीन बोटं. मला काही तरी सांगा. काहीच नाही सांगितलं तर मी माझ्या मनानं फिरवीन.

इंद्रजित: थोडं थांब.

जया: थांबूनच राह्यली ना.

इंद्रजित: पुंडलिकराव, ती पोरगी एकटी आहे वर. आठवा काही तरी.

पुंडलिकराव: तोंडाले नाई आठवत. हाताले आठवन. थांबा, दुकानात खाट हाय. तिच्याखाली घुसतो.

इंद्रजित: काय करताय?

पुंडलिकराव: सीट समजा खाटेले. पडलो उताना. डोकं इंजिनाकडे. फोन छातीवर ठेवला, येते ना आवाज? हां. आता दांडा इथं. पान्याचा हात इथं. रेषेत बंद.

इंद्रजित: आता पाणी काढायचंय असं समजा. पावसाळा आहे. टाकीत पाणी उतरलंय.

पुंडलिकराव: पावसाळा हाय. पानी उतरलं. म्या खाली डबा ठेवला. मंग पयले दार उघडलं...

इंद्रजित: दार का उघडलं?

पुंडलिकराव: कोपर ठोकते ना पायलटच्या दाराले. दांडा ओढला का ठाक करून कोपर दारावर. लय लागे. म्हून पयले दार उघडाचं, मंग निथळ उघडाची. पानी काढाचं असलं का दार उघडंच राहे माहं.

इंद्रजित: म्हणजे निथळ दाराच्या बाजूला.

पुंडलिकराव: दाराकडे निथळ. टाकी दुसऱ्या सीटकडे. हो. डावं उजवं तिले सांगूच नका.

इंद्रजित: नक्की? पुंडलिकराव, नक्की ना? मला आता परत विचारायला मिळणार नाही.

पुंडलिकराव: कोपराले अजून गाठ हाय, सायेब. बोट ठेवून पाहून राह्यलो. सांगा तिले.

इंद्रजित: जया, ऐक. दांडा तुझ्या दारापासून लांब न्यायचा. रिकाम्या सीटकडे.

जया: दारापासून लांब. रिकाम्या सीटकडे. हे मामा म्हणाले का तुम्ही?

इंद्रजित: मामा.

जया: मग फिरवते.

पुंडलिकराव: काय झालं?

इंद्रजित: फिरवतेय.

पुंडलिकराव: फिरला काय?

इंद्रजित: जया. जया, बोल.

जया: फिरवला. पण तार पार खाली टेकली सर. अन् इंजिन खोकलून राह्यलं.

इंद्रजित: पेट्रोलचा वास येतो? खाली धूर?

जया: वास नाही. धूर नाही. पण तार खालीच आहे.

इंद्रजित: वास नाही म्हणते, पण भरतही नाही.

पुंडलिकराव: वास नाई तं बरोबर फिरला. नळीनं हवा धरली असन, लय दिवस कोरडी होती. नाक जराक खाली कराले सांगा, मंग वर. हवा निंघून जाईन. शेतातल्या मोटरीचं असंच असते.

इंद्रजित: जया, नाक थोडं खाली घे आणि मग वर उचल. नळीत हवा अडकलीय.

जया: खाली घेतलं. आता वर. पुन्हा खोकलं. पुन्हा करते.

इंद्रजित: कर. उंची आहे तुझ्याकडे.

जया: सर.

इंद्रजित: बोल.

जया: तार हलली. वर येऊन राह्यली. हळूहळू, पण येऊन राह्यली. इंजिन गोड झालं.

इंद्रजित: पुंडलिकराव, तार वर येतेय.

पुंडलिकराव: हं.

इंद्रजित: ऐकलंत ना?

पुंडलिकराव: आयकलं. आता तिले म्हना, दांड्याले हात लावू नको.

जया: मामांना जयभीम सांगा माझा. धावपट्टी दिसली. आता मी बोलत नाही, उतरते.

इंद्रजित: जयभीम म्हणतेय.

पुंडलिकराव: जयभीम, म्हना. अन् फोन ठेवू नका, सायेब. उतरते तवरक चालू ठेवा.

इंद्रजित: नाही ठेवत. वळली. खाली येतेय. येतेय. चाकं टेकली. उसळली एकदा. परत टेकली. उतरली, पुंडलिकराव.

पुंडलिकराव: उसळते ते. ते बगळीचंच हाय, पोट्टीचं नाई.

इंद्रजित: ती चिंधी मी कात्रीनं कापून केरात टाकली होती. मारलंच होतं मी तिला.

पुंडलिकराव: एकट्यानं नाई, दोघानं मिळून. तुमी कागद पाहिला, म्या चिंधीवर भरोसा ठेवला. अन् वर ती.

इंद्रजित: उद्याची तपासणी मी पुढे ढकलतो. तुम्ही या इकडे. काय काय बदललंय ते एकेक दाखवा, मी लिहितो.

पुंडलिकराव: अन् माहं नाव?

इंद्रजित: बसवणारा म्हणून तुमचं लिहिणार. चिंधी काढणारा म्हणून माझं. लायसन गेलं माझं तर जाऊ दे.

पुंडलिकराव: मंग मी येतो.

जया: सर, द्या तो फोन इकडे. मामा, जया बोलून राह्यली. आत्ता विमानातून उतरून आली, जमिनीवर आहे.

पुंडलिकराव: पानी पी पयले. जेवली काय सकाळी?

जया: जेवली. मामा, तुमचा आवाज असा दबून काहून येते?

पुंडलिकराव: खाटेखाली हावो ना बाई.

जया: अजून? निघा ना बाहेर. झालं सगळं.

पुंडलिकराव: हात तसाच धरून ठेवला हाय, दांड्यावर. सोडला तं पुन्हा इसरीन. सायबाले म्हना, बाकीचं उद्या पाहू, हे आत्ताच लिवा.

जया: सर, आत्ताच लिहा म्हणतात. फोन स्पीकरवर टाकला, बोला.

इंद्रजित: नोंदवही समोरच आहे. लिहितो. 'सीटखाली नवा कॉक. दांडा नळीच्या रेषेत, बंद. पायलटच्या दाराकडे, निथळ, उडताना कधीही नाही. दुसऱ्या सीटकडे, टाकी.' बरोबर?

पुंडलिकराव: पुन्हा एक डाव वाचा. हळू वाचा.

इंद्रजित: 'रेषेत, बंद. पायलटच्या दाराकडे, निथळ, उडताना कधीही नाही. दुसऱ्या सीटकडे, टाकी.'

पुंडलिकराव: बरोबर. सही केली?

इंद्रजित: केली.

पुंडलिकराव: मंग काढतो हात.