डबीवरचं नाव

क्लॅरी : शर्ट परत मागायला आलीस काय, नोएलीन? तपासणी करून घेणाऱ्याला फुकट, असं तूच म्हणालीस.

नोएलीन : शर्ट तुमचाच, काका. तुमच्या लघवीचं सांगायला आलेय.

क्लॅरी : हळू बोल! मुलीसारखी आहेस तू मला.

नोएलीन : दवाखान्यात परकं माणूस बसलं तर तुम्ही येत नाही, घरचं बसलं तर लाजता. ऐका. लघवीतून प्रथिनं जातायत, बरीच. मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं.

क्लॅरी : माझ्या?

नोएलीन : डबीवर तुमचंच नाव आहे. तुमचं रक्त तपासलं ते मात्र स्वच्छ, हेच मला कळत नाही. एकदा बघून काही ठरत नाही. उद्या सकाळची पहिली लघवी द्या.

क्लॅरी : नको.

नोएलीन : आत्ता सापडलं तर गोळ्यांवर आवरता येतं. उशीर झाला की लांब ॲडलेडला जाऊन राहायचं आणि रक्त धुणारं ते मशीन. आपल्या म्हातारीचं काय झालं, विसरलात?

क्लॅरी : गेलेल्या माणसाला मध्ये आणू नकोस.

नोएलीन : घाबरलात?

क्लॅरी : घाबरलो असतो तर बरं होतं, पोरी. लाज वाटतेय.

नोएलीन : कसली?

क्लॅरी : तपासणीच्या दिवशी ती शेजारची डेल्मा आणि तिच्या बहिणी हॉलच्या दारातच बसलेल्या. मी डबी कोटात लपवून मागच्या संडासात गेलो. एक थेंब येईना. बाहेर त्या खिदळतायत, म्हातारा झोपला का आत म्हणून. आणि डबी घ्यायला तू उभी!

नोएलीन : मग भरली कशी?

क्लॅरी : तुझी व्हर्ना मावशी आली, नवरा कुठे अडकला म्हणून शोधत. हसून हसून बेजार. म्हणाली, दे इकडे.

नोएलीन : म्हणजे... मावशीची आहे ती?

क्लॅरी : हो.

नोएलीन : किती मागे लागले मी तिच्या! एकदासुद्धा आली नाही.

क्लॅरी : कशी येईल? तिची आई, आपली म्हातारी, तिकडे लांब त्या मशीनवरच गेली. तुमची दवाखान्याची गाडी दिसली की ही गळ घेऊन नदीवर जाते. मी माझी अब्रू वाचवायला तिला पकडून दिलं.

नोएलीन : म्हणून तर कळलं, काका.

क्लॅरी : तू सांग तिला. तू शिकलेली आहेस.

नोएलीन : आपल्यात मावशी म्हणजे आईच ना? मला सोपं जाईल वाटतं? डबी तुम्ही माझ्या हातात दिलीत. सुरुवात तुम्ही करा. मी इथेच बसते.

(व्हर्ना नदीवरून मासे घेऊन येते.)

व्हर्ना : पोरी, तू कधी आलीस? जेवूनच जा, आज दोन मोठे लागलेत. आणि याचं तोंड असं का? नापास झाला की काय?

नोएलीन : आई, काका सांगतायत.

व्हर्ना : काय सांगतोय? नापास होईलच कसा? माल तर माझा होता!

क्लॅरी : म्हणूनच, व्हर्ना. मासे ठेव खाली. ये, बस माझ्याजवळ.