गेममधली नदी

ग्राफिक्सचं कवतिक मला नगा सांगू, गड्यांनो. कवठे महांकाळला मामाकडं गेलतो. मामेभाऊ सुन्यानं गेमसाठी नवा कम्प्युटर घेतलेला. त्या दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी मामाची होती. लग्नाला जाताना मामा बजावून गेला, "पाणी आलं की मक्याला सोडा."

सुन्या मला गेममधली नदी दाखवत बसला. "दादा, पाण्यावर ऊन कसं हलतंय बघ! लय खरं वाटतंय!"

तवर खरं पाणी आलं आन् पाळी सरल्यावर पुढच्या शेतकऱ्याच्या रानात गेलं.

मामा परतला, तर मका कोरडा. आमी मान खाली घालून उभं. मामानं स्क्रीनकडं बघितलं.

"ही नदी उन्हाळ्यातबी वाहती व्हय?"

"व्हय आबा," सुन्या बापाला म्हणाला.

"मग मका हितंच पेर."

मामीनं आमची दोन रिकामी ताटं आणून कम्प्युटरम्होरं ठेवली. "वाढायलाबी ह्यालाच सांगा."