बिनखिळ्यांचा पाट

आमच्या थोरल्याला, वसंताला, दुसऱ्याला शहाणपण शिकवायची भारी हौस. त्याच्या पोरीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी चामराजपेटच्या दुकानातून लाकडाचं तयार घर आणलं, तर हा जेवायला बसल्या बसल्या बुडाखालच्या पाटावर थाप मारून सुरू झाला.

"मी सातवीत असताना शाळेसाठी हा पाट माझ्या हाताने केला. पंचवीस वर्षं झाली, अजून डुगडुगत नाही. तुझं ते घर आत्ताच्या आत्ता परत देऊन ये."

पोर रडकुंडीला आली. उद्या शाळेत दाखवणार काय?

मला राहवलं नाही. म्हटलं, "वसंता, ह्याला एक खिळा दिसत नाही रे. पाय कसे बसवलेस, तेवढं शिकव की तिला."

वसंता बसल्या जागी वाकून पाटाखाली चाचपायला लागला. सणाला आलेली त्याची धाकटी बहीण सुशी शेजारीच जेवत होती. ताटातून मान वर न काढता ती म्हणाली, "मी खाचा पाडून सरस भरला, अण्णा. तू तेव्हा गोट्या खेळत होतास."

मग पोरीने डोळे पुसले.

"पप्पा, मी निदान विकत तरी आणलं."